पयले यादी, मंग डिंक

तायडेबाबूंच्या टेबलावर डिंकाची बाटली कधीच नसायची. ती कपाटात, कुलपात. कुणी डिंक मागायला गेलं की ते चष्म्यावरून बघत आणि हात पुढे करत.

"यादी दाखव."

अमरावतीच्या त्या कचेरीत ते रेकॉर्डकीपर होते आणि मी नवा कारकून. वऱ्हाड आधी मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलं आणि मग महाराष्ट्रात आलं, त्या पाच-सहा वर्षांत हुकूम सारखे बदलत होते. हुकूम बदलला की वरून दुरुस्तीची छापील चिठ्ठी यायची. जुन्या हुकमातल्या नेमक्या ओळीवर ती चिकटवायची, की काम संपलं. निदान आम्ही तरी तसं समजायचो. तायडेबाबू समजत नसत. चिठ्ठी आली की आधी कोरा कागद घ्यायचा आणि या बदलाने कोणकोणत्या फायलींना हात लागतो त्यांची नावं लिहायची. मग सगळ्या फायली टेबलावर आणायच्या. मग डिंक.

"चिठ्ठी तुले काय बदललं थे सांगते. कुठंकुठं बदलाचं थे नाई सांगत," ते म्हणत. "एकीले लावली अन तीन तशाच राह्यल्या, तं कचेरी दोन तोंडानं बोलते. अन मार खाते गावचा मानूस!"

हे ते ओरडूनच सांगत. त्यांना हळू बोलता येत नसे. धर्मांतराच्या वर्षी नागपूरला जाऊन आले तेव्हापासून तायडे जास्तच चढला, असं आमचे बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, पान चघळत म्हणायचे. वयाने आणि नोकरीने आपल्याहून मोठ्या माणसाला बडेबाबू 'ए तायडे' अशी हाक मारत, आणि काल लागलेल्या मला 'अहो देशमुख' म्हणत. मी दर्यापूरकडच्या पाटलाच्या घरचा. मला ते गोड वाटायचं. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

एकदा तायडेबाबू पुतणीच्या लग्नासाठी आठ दिवस रजेवर गेले आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे ठेवून गेले. त्याच आठवड्यात भातकुलीकडच्या एका गावच्या रस्त्याची दुरुस्ती आली. हुकमात रस्ता सर्व्हे नंबर एकेचाळीसमधून होता. तिथे घरं होती, म्हणून आता 'सत्तेचाळीस वाचावे' असं चिठ्ठीत होतं. सत्तेचाळीस पडीक. मी मूळ हुकमाची फाईल काढली, चिठ्ठी चिकटवली, फाईल बांधली आणि चहाला गेलो. यादी करायची म्हणजे अर्धा दिवस मोडणार. आणि बघायला होतं कोण?

रजेवरून आल्या आल्या त्यांनी चिठ्ठ्यांची नोंद पाहिली.

"याची यादी कुठं हाये?"

"चिकटवली ना, बाबू."

"यादी इचारून राह्यलो मी!"

तिथेच उभ्या उभ्या त्यांनी यादी केली. मूळ हुकूम, तहसिलीची नक्कल, नकाशाची फाईल, कामावरच्या मिस्त्रीला द्यायचा उतारा. चार. मी लावली होती एक. नकाशा आणि उतारा चार दिवसांपूर्वीच गावाला गेले होते, जुन्या नंबरासकट.

तायडेबाबूंनी मूळ फाईल काखेत मारली, सायकल काढली आणि भरदुपारी भातकुलीच्या रस्त्याला लागले. पोचले तेव्हा दोन घरं पाडून झाली होती आणि तिसऱ्याच्या भिंतीवर पहार पडत होती. तायडेबाबू त्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि मिस्त्रीला चिठ्ठी वाचून दाखवली. काम थांबलं. बाकीची नऊ घरं वाचली.

आणि चौकशी कुणाची झाली? त्यांची! परवानगीशिवाय कचेरी सोडली, सरकारी फाईल बाहेर नेली, रेकॉर्डमध्ये हयगय केली. 'या लोकांना खुर्ची दिली की हेच व्हायचं,' बडेबाबू सगळ्यांसमोर म्हणाले. चिठ्ठी कुणी चिकटवली हे त्यांना ठाऊक होतं. मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसलो होतो.

तायडेबाबू माझ्या टेबलाशी आले. जबाबाचा कागद त्यांच्या हातात होता.

"कोनत्या फायली राह्यल्या थे मी लिवलं. तुह्यं नाव नाई लिवलं. थे तू लिव."

मी हो म्हणालो. लिहिलं नाही. आज लिहू, उद्या लिहू करत पंधरा दिवस काढले, आणि त्यांच्या बदलीचा हुकूम निघाला. अकोला, आवक-जावक. ज्या माणसाला प्रत्येक फाईल तोंडपाठ, त्याला पाकिटांवर शिक्के मारायला बसवलं. बडेबाबूंचा राग मला आजही येतो, पण निदान त्यांनी मनात होतं ते उघड बोलून दाखवलं. मी नुसता मान खाली घालून बसलो.

तीन वर्षांनी अकोल्याला गेलो. ते शिक्के मारत होते. मी हात जोडले. म्हणालो, बाबू, चुकलो, माफ करा.

शिक्का त्यांनी आपटला तो टेबलावरच. सगळी कचेरी वळून पाहू लागली.

"मले कायले मांगतं माफी? माहं घर पडलं काय? थ्या गावात गेलता काय तू कधी?"

गेलो नव्हतो. त्यांनी मला बसही म्हटलं नाही.

पुढच्याच रविवारी भातकुलीची बस धरली. पाडलेल्या दोन घरांपैकी एक कासाबाईचं. म्हातारी दारात तूर पाखडत होती. मी माझं नाव सांगितलं, सगळं सांगितलं. चिठ्ठी मी चिकटवली, यादी मी केली नाही, नाव मी लिहिलं नाही, म्हणून तायडेबाबूंना अकोल्याला पाठवलं. सूप खाली ठेवून तिने ते शेवटपर्यंत ऐकलं. शिव्या देईल म्हणून मी मनाची तयारी करूनच गेलो होतो. खरं तर त्या हव्याच होत्या.

"घर तं आमी दोन मयन्यात उभं केलं, भाऊ," ती म्हणाली. "बाबूले तुमी वापस आनलं काय?"