घासूनपुसून

जुन्या मोटारसायकली नव्याने उभ्या करणाऱ्या लोकांचा मला पूर्वीपासून तिटकारा होता, आणि त्यांच्यातला एक झाल्यावर तो कमी व्हायचा तर आणखी वाढला. रविवारी सकाळी हे लोक केशवापुरातल्या एका हॉटेलासमोर जमतात. हुबळीच्या उन्हात चामड्याची जाकिटं घालून घामाघूम होतात, इडली-वडा खातात, एकमेकांच्या टाकीवर बोट फिरवून ‘रंग ओरिजिनल का?’ असं विचारतात आणि जेवायच्या वेळेला घरी जातात. त्यांतल्या निम्म्यांना स्वतःच्या गाडीचा प्लग कुठे असतो ते सांगता येणार नाही. मला तरी कुठे येत होतं म्हणा. मी सव्वीस वर्षं धारवाडच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतोय. इंजिनाच्या पोटात काय चालतं त्याची आकृती मी फळ्यावर बोलता बोलता काढतो. पाना मात्र वयाच्या बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा हातात धरला, आणि तोही चुकीच्या मापाचा.

गाडी अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. ते कोर्टात शिरस्तेदार होते. काळ्या रंगाची, दोन सायलेन्सरची ही गाडी त्यांनी नोकरीत असेपर्यंत रोज चालवली. मग ती एक दिवस बंद पडली आणि हुबळी-धारवाडच्या मधल्या रायापूरच्या आमच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये वीस वर्षं उभी राहिली. अप्पांनी ती दुरुस्त केली नाही आणि विकलीही नाही. विकत मागायला येणाऱ्यांना ते चहा पाजायचे, ‘बघतो’ म्हणायचे आणि फाटकापर्यंत सोडायला जायचे.

गेल्या उन्हाळ्यात हुबळीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी अप्पांना सांगितलं की काचबिंदू फार पुढे गेलाय, गेलेली नजर परत येणार नाही, आणि उरलेली किती महिने टिकेल तेही सांगता येत नाही. घराशी उतरल्यावर अप्पा म्हणाले, “ती गाडी तेवढी चालू कर की. दिसतंय तोवर एकदा बघतो.” अप्पांनी माझ्याकडे कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. माझ्याकडे मागण्यासारखं काही असेल असं त्यांना वाटतच नसावं. त्यामुळे मी जरा जास्तच चढलो.

धारवाडात सुभाष रोडच्या मागच्या गल्लीत एक म्हातारे मिस्त्री आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. ते आले, शेडमध्ये उकिडवे बसले, हाताने किक दाबून पाहिली. किक हलली नाही. त्यांनी प्लग काढला, त्या भोकातून आत थोडं डिझेल सोडलं आणि प्लग परत बसवला.

“पिस्टन जाम झालंय. सर, मोदल इंजिन,” ते म्हणाले. मोदल म्हणजे आधी. “चार दिवसांनी परत डिझेल सोडायचं, गिअरात टाकून चाक हळू मागं-पुढं करायचं. सुटतंय ते. बॉडीला हात लावू नका. बॉडी कुठं पळून जात नाही.”

“किती दिवस लागतील?”

“नोडूणरी,” ते म्हणाले. बघू या. आणि हात पुसत निघून गेले.

मला हा माणूस अडाणी वाटला. थांबणे ही काही दुरुस्तीची पद्धत आहे हे मान्य करायला माझ्या दोन्ही पदव्या तयार नव्हत्या. तोवर मी फोनवर पंधरा-वीस व्हिडिओ पाहिले होते. त्यांत कोणीतरी परदेशी दाढीवाला गंजाचा ढिगारा उचलून आणतो आणि बारा मिनिटांत संगीताच्या तालावर त्याची नवी कोरी गाडी करतो. त्यात कुणीही प्लगच्या भोकात डिझेल सोडून चार दिवस वाट बघत बसलेलं दिसलं नाही. इंजिनाचं काम कोणाला दिसत नाही, ही खरी अडचण होती. घासलेली टाकी दिसते. मी टाकीपासून सुरुवात केली.

नवशिक्याने करायचा तो सगळा मूर्खपणा मी रीतसर केला. बायकोच्या लोणच्याच्या बरण्या घेऊन त्यांत नट-बोल्ट वेगवेगळे भरले आणि प्रत्येक बरणीवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी डकवली. मग गंज निघावा म्हणून त्याच बरण्यांत रॉकेल ओतलं. ते ओघळून शाई विरघळली, चिठ्ठ्या गळून पडल्या, आणि सात बरण्यांतलं काय कुठलं हे आजतागायत कुणाला माहीत नाही. मागच्या मडगार्डाचे बोल्ट सुटेनात म्हणून हातोडी मारली आणि मडगार्डच वाकवलं. बायको दारात उभी राहून एकदा बघून गेली. बरण्या मात्र तिने नंतर परत घेतल्या नाहीत.

आणि हेडलाइटची पेटी, म्हणजे दिव्याभोवतीचं पत्र्याचं कवच. तिच्याविषयी नीट सांगायला हवं.

आमच्या भागात खंडेनवमीला वाहनांची पूजा होते. कन्नड शेजारी आयुधपूजा म्हणतात, आम्ही खंडेनवमी म्हणतो, करतो सगळे सारखंच. गाड्या धुतात, विभूतीचे पट्टे ओढतात, झेंडूची माळ घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. आई अप्पांच्या गाडीला हेडलाइटच्या काचेच्या वर, पेटीच्या बरोबर कपाळावर, हळदकुंकू लावायची. तिच्या अळणावरच्या माहेरचा एक रिवाज होता. वाहनाचं कुंकू पुसायचं नाही, दुसऱ्या वर्षी त्याच्यावरच लावायचं. शेजारचे गाडी धुताना मागच्या वर्षीचं सगळं खरवडून काढत. आई पेटीवर पाणीसुद्धा पडू देत नसे. गाडी बंद पडली तरी तिची पूजा थांबली नाही. शेडमध्ये धुळीत उभ्या असलेल्या त्या धुडाला दरवर्षी ती ताट घेऊन ओवाळायची आणि अप्पा मागे हात बांधून उभे राहायचे. मी त्या दिवशी सुट्टी म्हणून उशिरा उठायचो. तीन वर्षांपूर्वी आई गेली. तोवर कुंकू, हळद, तेल आणि धूळ मिळून तिथे सुपारीएवढी जाड, काळपट लाल खपली झाली होती.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय असती तर बरं झालं असतं. मी पुट्टीचं पातं खपलीखाली घातलं. तेव्हा मनात आलं ते इतकंच, की रंग झाल्यावर बायको नवीन लावेल, त्यात काय एवढं. एका झटक्यात ती अख्खी निघाली आणि बादलीत पडली. पाणी लालसर झालं. ते मी गटारात ओतलं.

पेटीला काळा रंग दिला, वर चकाकी देणारा थर दिला, मग व्हिडिओत सांगितलं होतं तसं मेणाचं पॉलिश तीनदा घासलं. आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो काढून केशवापूरवाल्यांच्या फोनवरच्या ग्रुपवर टाकले. पटापट अंगठे आले. एकाने लिहिलं, ‘सर, शोरूम कंडिशन.’ ज्यांची मी इतकी वर्षं टिंगल केली, त्यांच्या अंगठ्यांसाठी मी दिवसातून दहा वेळा फोन उघडून बघत होतो. मलाच माझी किळस यायला हवी होती, पण तेव्हा आली नाही.

अप्पा रोज संध्याकाळी काठी टेकत शेडपर्यंत यायचे.

“फिरलं काय इंजिन?”

“आधी अंग नीट होऊ दे, अप्पा. इंजिन काय, शेवटी एका दिवसाचं काम.”

“हं,” म्हणायचे. कोर्टात वकिलांचं ऐकून घेताना ते असंच म्हणत असणार. मग पुढे वाकून बघायचे. आषाढात म्हणाले, “काहीतरी चमकतंय तिथं.” मी खूश झालो. अण्णांनी सांगितलेलं डिझेल मी दुसऱ्यांदा सोडलंच नव्हतं. एकाही चाकाला हात लावला नव्हता.

श्रावणात एका सकाळी साडेदहाला अप्पा शेडमध्ये आले आणि मला दिवा लावायला सांगितला. दारातून आलेलं ऊन गाडीच्या टाकीवर पडलं होतं. मी भिंतीवरचं बटण दाबलं आणि म्हणालो, “लावला.” त्यांनी मान इकडेतिकडे वळवली. मग हात पुढे करून म्हणाले, “कुठं आहे गाडी?”

मी त्यांचा हात धरून टाकीवर ठेवला. त्यांनी टाकी चाचपली, सीट चाचपली, हँडलवरून हात पुढे नेला. “गुळगुळीत केलंस की,” म्हणाले. त्यांच्या तोंडून आलेलं हे कौतुक असावं असं मला वाटलं, इतका मी गाढव. मग त्यांचा हात हेडलाइटवर आला. काचेवरून बोट वर सरकलं आणि पेटीच्या कपाळावर थांबलं. तिथून ते डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, परत मध्ये आलं. मी शेजारी उभा राहून बघत होतो आणि ते बोट काय शोधतंय हे मला पहिल्या क्षणीच कळलं होतं.

“हे पण काढलंस काय?”

“रंग द्यायचा होता, अप्पा. फोटो आहे माझ्याकडे.”

“फोटो,” अप्पा म्हणाले. त्यांनी बोट धोतराला पुसलं. बोटाला काहीही लागलेलं नव्हतं. “मी आपली गाडी चालू कर म्हटलं होतं. ही कुणाची आणून ठेवलीस?”

ते काठी टेकत आत गेले. मी शेडमध्येच बसलो. समोर गाडी इतकी चकचकीत होती की तिच्यात माझं तोंड दिसत होतं, आणि ते बघायची मला अजिबात इच्छा नव्हती. दुसऱ्या दिवशी मी केशवापूरवाल्यांच्या ग्रुपमधून बाहेर पडलो. त्याने कोणाचं काही बिघडलं नाही, माझ्या जागी तिथे लगेच दुसरा कोणीतरी आला असेल.

गणपती झाल्यावर मी अण्णांकडे गेलो. ते आले, गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“छलो कानतैत्री,” म्हणाले. छान दिसतेय. त्यांच्या आवाजात कौतुकाचा लवलेश नव्हता.

तीन दिवस ते रोज दुपारी येऊन बसले. मी त्यांनी सांगितलेला पाना द्यायचा आणि तोंड मिटून घ्यायचं, एवढंच केलं. सव्वीस वर्षांत मी इतका वेळ गप्प बसलो नसेन. पिस्टन सुटला. कार्बोरेटर त्यांनी स्वतः घरी नेऊन साफ करून आणला. चौथ्या दिवशी पाचव्या किकला गाडीने धूर ओकला, दोनदा खोकली आणि चालू झाली. अख्ख्या शेडचे पत्रे थरथरायला लागले. अप्पा आतून काठी न घेताच आले, भिंतीला धरत. दारात उभे राहून त्यांनी मान जराशी कलती केली आणि डोळे मिटले. मिटायची काही गरज नव्हती, पण मिटले.

“आवाज तेवढा वाचला,” ते म्हणाले. “त्याला तुझा हात लागला नाही म्हणून.”

अण्णा गालात हसले. मीही हसायचा प्रयत्न केला.

मग खंडेनवमी आली. या वेळी मी पहाटे उठलो. गाडी शेडबाहेर अंगणात आणली, माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं. बायकोने ताट आणलं. अप्पांनी ते स्वतःकडे मागून घेतलं. आई गेल्यापासून या गाडीला कोणी कुंकू लावलेलं नव्हतं. अप्पांनी वाटीत पाणी घालून कुंकू कालवलं, अनामिका बुडवली आणि दुसऱ्या हाताने हेडलाइटची काच शोधली. मी त्यांचं मनगट धरून दाखवायला गेलो, तर म्हणाले, “सोड. मला माहीत आहे कुठं ते.”

बोट बरोबर जागेवर टेकलं. त्यांनी ते जरा दाबून धरलं, आई धरायची तसं, आणि उचललं. मेणाच्या पॉलिशवर ओलं कुंकू थांबेना. त्याचा थेंब झाला, थेंब काचेवरून खाली घरंगळला आणि मडगार्डावरून जमिनीवर गेला. पेटीचं कपाळ पहिल्यासारखं काळं आणि लखलखीत होतं. बायकोने माझ्याकडे पाहिलं.

अप्पा बोट तसंच वर धरून उभे होते.

“लागलं काय रे?”

“लागलं, अप्पा,” मी म्हणालो.