चिंधी बांधलेली कणसं

ग्रामसेवक म्हणून नोकरीला लागलो तेव्हा शेतीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. खोटं कशाला सांगू? नागपूर शहरात, जरीपटक्यात वाढलेला मी, रोज सायकल हाणत बेस्याच्या पलीकडच्या एका गावात जायचो आणि जन्मभर शेती केलेल्यांना शेती शिकवायचो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. वरून हुकूम एकच होता, गावरान ज्वारी बंद आणि हायब्रीड चालू. तोंडाला फेस येईस्तोवर मी बोललो आणि अख्ख्या गावाने ऐकलं.

फक्त एक बाई अडून बसली. नवरा नागपुरात मिलमध्ये पाळीवर जायचा, तीन एकर तीच पाहायची. मी तिला मावशी म्हणायचो. शेवटी तीही कबूल झाली, पण अट घालून.

"बाकी तुमचंच पेरते जी. धुऱ्याकडची चार तासं तेवढी माझ्या ज्वारीची राहू द्या. बियाण्यापुरती."

"काहून? सरकारी बियाणं दरसाल मिळते ना! हायब्रीडचं घरचं बी चालतच नाही. दरसाल नवीनच घ्या लागते."

"मिळन तं मिळन. हे माझ्या मायनं ओटीत घातलं होतं, लग्नाच्या वक्ती. घरात असलेलं बरं."

बांधालगतच्या चार ओळींसाठी किती डोकं खपवायचं? मी सोडून दिलं.

हायब्रीड लवकर आली आणि नेमकी पावसात सापडली. दाणा काळा पडला. भाकर तोंडात फिरायची आणि ठेंगणा कडबा हुंगून बैल तोंड वळवायचे. मावशी म्हणाली, "पुढच्या साली माझीच पेरीन जी, राग नका मानू." मी मान डोलावली आणि अहवालात पीक उत्तम असं लिहिलं.

थंडीत आमच्या वरच्या साहेबांना हुरड्याची आठवण झाली. हायब्रीड केव्हाच कापून झाली होती. हिरवं कणीस गावात उरलं होतं ते फक्त मावशीच्या चार तासांत. मी गेलो. "मावशी, साहेब येऊन राहिले. थोडा हुरडा कराल का?"

तिने हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "या ना." शेतावर आलेल्याला हुरड्याला नाही म्हणत नाहीत.

दोन जीपा भरून माणसं आली, बायकापोरांसकट. मावशीने खड्डा करून गोवऱ्या पेटवल्या, जवसाची चटणी आणली. कणसं मोडायचं काम मी अंगावर घेतलं, साहेबांपुढे मिरवायला. काही कणसांच्या दांड्यांना लाल लुगड्याच्या चिंध्या बांधल्या होत्या आणि तीच सगळ्यात टपोरी होती. मला वाटलं, बाईने पाहुण्यांसाठी खुणा करून ठेवल्या. वा, म्हटलं, काय समजूतदार बाई! मी तीच आधी मोडली. मावशी पोत्यावर गरम कणसं चोळत होती, ती थांबली. माझ्या हाताकडे पाहिलं आणि पुन्हा चोळू लागली. "खा जी, गरम हाय तवर," म्हणाली.

राहिलेली पोरांनी मोडली. संध्याकाळी त्या चार तासांत नुसते धांडे उभे होते. चिंधीवाल्यांतली उरलेली सहा कणसं मी पिशवीत घालून आईसाठी घरी नेली.

मृग तोंडावर आला तेव्हा मावशी पत्ता विचारत आमच्या घरी आली. आजूबाजूची सगळी गावं पालथी घालून आली होती. तिच्या ज्वारीचा दाणा कुणाकडे नव्हता, तिथेही माझ्यासारखेच कोणी शिकवून गेले होते.

"तुमी पिशवीत नेली होती ना जी सहा? एखादं उरलं असन?" मग तिने सांगितलं, "बियाण्याचं कणीस निवडलं का आमी बाया त्याले चिंधी बांधतो. त्याले मंग कोनी हात नाई लावत."

"अवं मावशी, मग तेव्हाच काहून नाही सांगितलं?"

"शेती शिकवता तुमी. मले वाटलं, तुमाले ठाव असन. ठाव असून मोडून राहिले."

मला लाज वाटायला हवी होती. नाही वाटली. खरं सांगतो, काहीच वाटलं नाही. बधिर झालेल्या पायावर उभं राहावं तसा उभा होतो.

कणसं आईने त्याच आठवड्यात शेगडीवर भाजली होती. चिंध्या मात्र आमच्याकडे टाकून देत नसत. आईने डब्यातून काढून त्या मावशीच्या हातात दिल्या. गाठी तशाच होत्या. मावशी उंबऱ्याशी बसली आणि एकेक गाठ नखाने सोडवून पाहू लागली, एखादा दाणा अडकला असेल म्हणून. सहाही गाठी सोडवल्या. एकीतही काही निघालं नाही. आईने ठेवलेला चहा निवून गेला. चिंध्या कनवटीला खोचून मावशी उठली, गाव लांब होतं.

आठवड्याभराने सरकारी बियाण्याची थैली मीच तिच्या घरी पोचवली. तिने थैलीत हात घालून दाणे पाहिले.

"याच्या कनसाले चिंधी बांधली तं चालते का जी?"

मी नाही म्हणालो.