रिकाम्या ताटलीचा आलेख

ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सविलच्या विद्यापीठात लोसालीने नावाची टोंगा बेटांवरची मुलगी चांदीच्या अतिसूक्ष्म कणांवर पीएचडी करत होती. शोधनिबंध छापून आला होता, प्रबंध संपत आला होता, टोंगात घराजवळच्या कॉलेजात नोकरीही ठरली होती. त्या दिवशी ती नव्या मुलांना आपलाच आलेख समजावत होती. क्ष-किरण धातूवरून ठरावीक कोनांत परततात, तिथे आलेखात शिखरं उठतात. "कण जितके बारीक, तितकं शिखर रुंद," ती म्हणाली आणि मध्येच थांबली. पडद्यावरचं शिखर सुईसारखं टोकदार होतं.

मुलं गेल्यावर तिने नमुन्याची अ‍ॅल्युमिनियमची ताटली धुतली आणि रिकामीच यंत्रात सरकवली. तीच शिखरं उठली. अ‍ॅल्युमिनियमची शिखरं चांदीच्या अगदी शेजारी येतात. पावडरीचा थर पातळ होता. किरण त्यातून जाऊन ताटलीवरून परतत होते. इतकी वर्षं ती ताटलीच मोजत आली होती.

शेवटी ती आलेख छापून घेऊन निघाली.

मार्गदर्शक ब्रॉनविनने दोन्ही आलेख पाहिले. "नमुना थोडा वर राहिला असेल गं. त्यानेही शिखर सरकतं."

"सरकतं, पण टोकदार नाही होत."

ब्रॉनविनने चष्मा काढला. "तुला कळतंय ना? निबंध मागे घ्यावा लागेल. माझंही नाव आहे त्यावर."

"कळतंय."

"आणि मी गप्प बस म्हटलं तर?"

"मग घरी जाऊन मी मुलांना काय शिकवू?"

ब्रॉनविनने चष्मा परत लावला. मग तिनेच नियतकालिकाच्या संपादकांना कळवलं.

आईला सांगणं त्याहून अवघड गेलं. "अगं, तुझ्या पदवीसाठी बायकांनी झाडाच्या सालींचं समारंभाचं कापड कुटून ठेवलंय!" आई फोनवर ओरडली. "चर्चमध्ये सगळ्यांना सांगून बसलेय मी. एका ताटलीपायी अडकलीस?"

"हो, आई."

"मग दुसरी ताटली घे की!"

लोसालीनेला हसू आलं आणि रडूही.

सिलिकॉनच्या ताटलीची शिखरं मध्ये येत नव्हती; तिच्यावर चांदी दिसली. शिखर बुटकं, पसरट. कण खरे होते, त्यांची मापं तेवढी सगळी चुकली होती. प्रबंध वर्षभर लांबला, घराजवळची नोकरी दुसऱ्याला गेली. घरी जायचं विमानाचं तिकीट रद्द करून ती परत यंत्राच्या बिनखिडकीच्या खोलीत आली आणि पहिल्या नमुन्यापासून मोजायला बसली.