खिलौना, एक नग

“थांब गो, अजून एक चूक शिल्लक हाय माझी.”

हे ती मान वर न करता म्हणायची. डबा उघडा, भाकरीचा तुकडा गालात, दोन्ही अंगठे बटणांवर आणि डोळे तळहाताएवढ्या काचेत. तुम्ही तिला काहीही विचारा, पाणी हवंय का, कालवण वाढू का, उत्तर हेच. तिच्या हातातल्या खेळात तीन चुका झाल्या की डाव संपायचा. पहिल्या दोन होईपर्यंत ती हसत-बोलत खेळे. दोन झाल्या की मात्र अशी ताठ बसायची की बघणाऱ्या बाईचीही पाठ आपोआप सरळ व्हायची.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत गोळ्या-औषधांच्या एका कंपनीत आम्ही वीसेक बायका पॅकिंगला होतो. गोळ्या बाटलीत, बाटल्या खोक्यात, खोकी पेटीत. मी देशावरची, नवऱ्याच्या नोकरीमागून इकडे आलेली. ती शिरगावची कोळीण, पहाटे उठून पालघरला येऊन शटल पकडणारी. वयाने आम्हा सगळ्यांत मोठी. सगळ्या तिला बाय म्हणायच्या म्हणून मीही बाय म्हणायला लागले.

तिचा भाऊ बोटीवर खलाशी. पहिल्या खेपेला त्याने दुबईहून साडी आणली, तर ही म्हणाली, “साड्या बोईसरला मिलत नाय काय रे?” भाऊ चिडला आणि पुढच्या खेपेला मुद्दाम पोरासोरांचा खेळ घेऊन आला. त्याची थट्टा त्याच्याच अंगाशी आली. तेव्हापासून दर खेपेला तिला नवा खेळ लागायचा, आणि भाऊ गुमान आणायचा.

नवा खेळ आला की आठवडाभर ती काही बोलायची नाही. मग एका दुपारी डबा खाताना त्या खेळाचा निकाल. तो ऐकायला आम्ही अगदी कान टवकारून बसायचो, कारण दुपारची तेवढीच करमणूक.

एका खेळात आकाशातून माणसं पडायची आणि खाली होडी नेऊन ती झेलायची. झेलता आली नाहीत तर पाण्यातली मुशी, म्हणजे शार्क, त्यांना खायची. “खोटं,” बाय म्हणाली. “मुशी कुठं माणूस खाते? माणूस मुशी खातो. पन होडी बरी वल्हवलीय. होडीवाला उगाच घाई नाय करत.” हा खेळ तिने शेवटपर्यंत ठेवला.

दुसऱ्यात चार कोंबड्या सारख्या अंडी घालत सुटायच्या आणि टोपली घेऊन पळायचं. “ह्यांना दाना कोन घालतं ते दाखवलंच नाय,” इति बाय. तिसऱ्यात एक आचारी तव्यावरच्या वस्तू उडवत बसलेला. तो तिने दोन दिवसांत बंद करून भावाकडे परत धाडला. “ह्यो खेल नाय, ह्यो घरकाम हाय. घरी करून येतेच, वर परत सेल कशाला जाळू?”

आमच्या कंपनीत गेटवर बांगड्या, पैंजण, घड्याळ सगळं उतरवून ठेवावं लागे. गोळ्यांत काही पडायला नको म्हणून नियम, त्याबद्दल आमची तक्रार नव्हती. पण बायच्या खेळाचं काय करायचं ते रखवालदाराला कळेना. उत्तरेकडचा बिचारा, साधा माणूस.

“ये क्या है मौसी?”

“खिलौना हाय. लिख.”

त्याने साहेबांना विचारलं. साहेब म्हणजे आमचे सुपरवायझर. ते मोठ्याने हसले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “जाऊ दे रे आत. पोरांचा खेळ आहे. म्हातारपणी हौस आलीय बाईंना.” रखवालदाराने वहीत लिहिलं: खिलौना, एक नग. त्यानंतर रोज तेच लिहिलं जाई. बायला राग आला नाही असं नाही. तिने तो नीट घडी घालून ठेवून दिला.

आता एक गंमत सांगते. त्या खेळात घड्याळही होतं. खेळत नसलात की काचेत वेळ दिसायची. भावाने ती दुबईची लावलेली, त्यामुळे आम्ही एक वाजता जेवायला बसलो की तिच्या काचेत साडेअकरा. “बाय अजून न्याहारीलाच बसलीय गं!” असं आम्ही चिडवायचो. ती वेळ बदलायची नाही. एकदा मला हळूच म्हणाली, “ऱ्हाऊ दे गो. भाऊ आता काय करत असंल ते कलतं मला.”

आणि एका दुपारी घंटा झाली तशी तिने खेळ खाली ठेवला आणि म्हणाली, “आपली घंटा लवकर होते.”

“म्हणजे?”

“घरी रेडिओवर अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागतो. तो सुरू झाला का मी डाव मांडते. संपेपर्यंत पाचशेला पोचते. इथं साडेतीनशेला घंटा होते. रोज. माजा हात काय कंपनीत आल्यावर मंद होतो?”

आम्ही खो-खो हसलो. एकजण म्हणाली, “बाय, तुझं घड्याळ दुबईचं!”

“दुबईचा अर्धा तास काय छोटा असतो काय गो?”

मग आठ दिवस तिने पाहिलं. जेवणाची घंटा साहेब स्वतःच्या हाताने वाजवायचे. पहिली एकला, दुसरी दीडला, असं आम्ही धरून चाललेलो. हॉलमध्ये घड्याळ नव्हतं, आमच्या मनगटावर नव्हतं, आणि अर्धा तास म्हणजे साहेब म्हणतील तेवढा. बायच्या काचेत तो तेवीस मिनिटांचा निघाला. सात मिनिटं रोज. पेट्या जास्त भराव्यात म्हणून आमच्या तोंडचा घास.

बायकांना पटेना. खेळण्यातलं घड्याळ, त्याचा काय भरवसा! तेव्हा तिने एक केलं. एका सकाळी बातम्यांआधीच्या रेडिओच्या ठोक्यांवर तिने काचेतली वेळ आपल्याकडची लावली. दुबई पुसून टाकली. मला दाखवलं तेव्हा डोळे भरलेले होते. “आता कोन बोलाय नको, बाहेरची वेल हाय म्हणून.” मला तेव्हा तिचा अभिमान वाटला आणि भीतीही वाटली. भीती जास्त.

त्या दुपारी घंटा झाली. काचेत एक वाजून तेवीस. बाय उठली नाही.

साहेब आले. “बाई, घंटा ऐकू आली नाही?”

“आली. अजून सात मिन्टं हायेत.”

“घड्याळ आत आणायला बंदी आहे, माहीत आहे ना?”

“घड्याल कुठं? खेलनं हाय. गेटावर लिवलंय. तुमीच बोललेला ना साहेब, पोरांचा खेल म्हणून?”

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण बघायला थांबलं कोण? आम्ही सगळ्या उठलो. हो, मीही उठले. लपवायचं कशाला? मला कायम करण्याचं पत्र तोंडावर आलेलं होतं आणि तेवढ्यावर मी घरात किती स्वप्नं मांडून बसले होते. तिच्या बाजूने जाताना मी खाली बघत होते. तिने बटणं दाबता दाबता म्हटलं, “जा गो. तुजी ही पयलीच चूक हाय. दोन शिल्लक हायेत.”

बरोबर दीडला ती उठली, हात धुतले आणि कामाला लागली. साहेब म्हणाले, “उद्यापासून हे चाललं तर तुमचं तुम्ही बघा.” ती हंगामी होती, गेटचा पास महिन्यामहिन्याला मिळे. तिचा भाऊ परदेशी आणि घरात खाणारी तोंडं तिच्या जिवावर. धमकी काय ती तिला चांगली कळली होती.

दुसऱ्या दिवशीही ती बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही मी उठले. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. नवऱ्याने विचारलं तर त्याच्यावरच खेकसले.

तिसऱ्या दिवशी घंटा झाली. मी डब्याचं झाकण लावलं आणि तशीच बसून राहिले. बाकाची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली, खोटं नाही सांगत. बायने मान वर केली नाही, पण खेळता खेळता बाकावर थोडी सरकून माझ्या खांद्याला खांदा लावला. तेवढ्याने मी बाकाची कड सोडली. चौथ्या दिवशी आणखी पाच जणी बसल्या. शनिवारी सगळ्या. वीस बायका गप्प बसलेल्या आणि हॉलमध्ये आवाज फक्त त्या खेळाचा, टिक टिक टिक. साहेब घंटेची दोरी धरून दारात उभे, आणि आमच्यातली एकही त्यांच्याकडे बघत नव्हती.

सोमवारपासून घंटा दीडला व्हायला लागली. नोटीस नाही की माफी नाही. सात मिनिटं परत आली एवढंच. लोणच्याची फोड चोखायला, केस सारखे करायला, दोन शब्द बोलायला सात मिनिटं खूप होतात हो.

पहिल्या तारखेला गेटवर बायचा पास नव्हता.

तिने ना आरडाओरडा केला, ना पाया पडली. आम्हीच रडकुंडीला आलो. तिने गजांतून तो होडीवाला खेळ माझ्या हातात दिला. रखवालदार मान खाली घालून उभा होता. त्याला म्हणाली, “लिख. खिलौना, एक नग. आता हिच्या नावावर.” त्याने लिहिलं. मग ती पाठ फिरवून स्टेशनकडे चालू लागली, अगदी दोन चुका झाल्यावर बसायची तशी ताठ. माझं कायमचं पत्र वर्षभर लांबलं. लांबू दे. त्याचं मला तसूभर वाईट वाटलं नाही.

पुढे ती बोईसरच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसायला लागली. मी खेळ परत द्यायला गेले तर हात मागे घेतला. “तुमाला लागंल तिथं. मला आता कोन घंटा वाजवतंय?” आणि बोंबलाच्या जुडीत दोन जास्त घालून दिले. “तू कवा खेलतेस काय गो?” म्हणून विचारायची. मी नाही म्हणायचे, माझी बोटं जड. “बोटं जड नाय. चुकायला भितेस,” ती म्हणायची. खरंच होतं ते.

वर्षं गेली. नव्वदनंतर बाजारात ते विटा पडायचे खेळ रस्तोरस्ती मिळायला लागले. एके दिवशी पाहते तर बायच्या टोपलीशेजारी तसला एक. गिऱ्हाईक उभं आणि ही विटा रचतेय. मी निकाल विचारला.

“ह्यो सगल्यांत खरा,” ती म्हणाली. “विटांची रांग पुरी भरली का दिसंनाशी होते. ऱ्हायली ती मात्र डोक्यावर चढते. आपलं पॅकिंगच की! केलेलं कोनाला दिसत नाय.” मग हसून म्हणाली, “पन ह्याच्यात चुका मोजत नाय. तो होडीवाला बरा. चुकायला जागा देतो, आनि किती ऱ्हायली ते सांगतो.”

तो तिचा मला मिळालेला शेवटचा निकाल. त्याच वर्षी एका दुपारी डबा खाताना शिरगावकडची एक नवी मुलगी सहज म्हणाली, “ती खेळवाली बाय गेली ना, परवा.” पुढे काय म्हणाली ते मला ऐकूच आलं नाही.

खेळ माझ्यासमोर टेबलावर होता, रोजच्यासारखा, वेळ बघायला. इतकी वर्षं आम्ही त्यात फक्त वेळच बघितली होती. मी तो उचलला आणि बटण दाबलं. माणसं आकाशातून पडायला लागली. माझी बोटं खरोखरच जड होती. पहिला लगेच पाण्यात गेला. मग कशी कोण जाणे, होडी हाताला लागली. झेलला, झेलला, झेलला. काच धूसर दिसत होती तरी झेलत होते. मग दुसरा सुटला.

घंटा झाली. बरोबर दीड, एका मिनिटाचीही लबाडी नाही. तरी माझ्याभोवतीची एकही बाई उठली नाही. आताचे साहेब नवे, तरुण. ते दारात आले आणि गोंधळून म्हणाले, “अहो बाई, दीड वाजला.”

“वाजू द्या साहेब,” मी मान वर न करता म्हटलं. “अजून एक चूक शिल्लक हाय.”