कढईतलं विश्व

चार कुरडया मी एकदमच कढईत सोडल्या. त्या भसकन फुगल्या आणि उकळतं तेल स्टोव्हवर सांडलं. बायकोनं धावत येऊन स्टोव्ह बंद केला. मी मात्र खूश! दुसऱ्या दिवशी परभणीच्या कॉलेजात मला विश्वाच्या पहिल्या क्षणावर बोलायचं होतं.

“अगं, विश्व असंच क्षणात फुगलं! कच्च्या कुरडईतली बारीक नक्षीच मोठी झाली, तिच्याच या आकाशगंगा. आता भाषण पक्कं!”

विश्वाचं हे फुगणं थांबलं कसं, हे सांगताना शास्त्रज्ञांचं पहिलं मॉडेल अडखळलं होतं. अवघड म्हणून तेवढा भाग मी भाषणातून गाळलाच होता.

बायको तेल पुसत म्हणाली, “फुगलं ते कळालं. पण थांबलं कसं, ते सांगा ना तुमी. तिथं काय स्टोव्ह बंद करायला मी होते?”