चिंचेतला खिळा

आमच्या वखारीत एकच कायदा होता, झाडाला खिळा मारायचा नाही. तो सासऱ्यांनी घातलेला. दारातल्या लिंबाला कुणी तार बांधायला खिळा ठोकला, तर त्या दिवशी ते जेवायचे नाहीत. आणि मी त्याच घरची सून अशी शहाणी, की बोटभर लांब खिळा झाडात ठोकून आले आणि पंचवीस वर्षं मूग गिळून बसले.

सासऱ्यांचं काही चुकत नव्हतं. तरुणपणी त्यांनी दोघांनी ओढायची करवत ओढलेली. ओंडका उंच घोडीवर, एक माणूस वर, एक खाली, आणि खालच्याच्या डोळ्यांत सगळा भुसा. मग त्यांनी कुठून तरी जुनी यंत्राची करवत आणली. दोन मोठी चाकं, त्यांच्यावर ताणलेला दातेरी पोलादी पट्टा, आणि फिरवायला तेलाचं इंजिन. निम्मं कडेगाव बघायला लोटलं होतं म्हणे, आणि इंजिन धडधडल्याबरोबर तेवढंच पळालं. पुढं इंजिन जाऊन विजेची मोटार आली, पण चाकं अजून तीच आहेत. सासरे म्हणायचे, "हातातली करवत शहाणी हुती. खिळा लागला की हात थांबायचा. ह्या पट्ट्याला कुठला हात? तुटला की म्होरं बाप हाय का ल्योक, बघत न्हाई." हे सांगताना ते उजवा हात हलवायचे. त्या हाताला तीनच बोटं होती.

एवढं ऐकूनही मी खिळा मारला. लेक तीन वर्षांची होती, ताप उतरेना. डॉक्टर झाले, औषधं झाली. शेजारच्या म्हातारीनं कानात सांगितलं, "खिळा पोरीच्या कपाळाला लाव आन् वळणावरच्या चिंचंत ठोक. मागं बघू नगंस. आन् कुणाला सांगू नगंस. तोंडातनं गेलं की उतरलेलं परत दारात येतंय." मी ठोकला. चार दिवसांनी पोर उठून भाकरी मागायला लागली. आता औषधानं उठली का खिळ्यानं, ते मला विचारू नका. मी आई आहे, वैद्य नाही.

या उन्हाळ्यात रस्ता रुंद करायला घेतला आणि ती चिंच पडली. खोड आलं ते थेट आमच्या वखारीत. एका अंगाला ढोपरासारखी गाठ होती, त्यावरून मी लगेच ओळखलं. खिळा तर झाडानं केव्हाच गिळलेला, वरून सालीवर खूणसुद्धा नव्हती.

आणि नेमकी लेक लोणंदहून पहिल्या बाळंतपणाला आलेली. आठवा सरून नववा लागला होता.

सांगावं, तर पोरीच्या जिवावर. न सांगावं, तर पट्ट्यासमोर नवरा उभा राहणार. दोन दिवस मी त्या खोडाभोवती घिरट्या घातल्या. आडून आडून म्हणून बघितलं, "आवं, चिंच लय कठीण. तशीच कुणाला तरी देऊन टाका की."

"वखार तू चालवतीस का मी?" नवरा खेकसला.

"मग मरा तिकडं!" मी पण बोलून गेले. बोलले आणि जीभ चावली. आत जाऊन देवासमोर नाक घासलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ते खोड ट्रॉलीवर चढवलं. ही ट्रॉली रुळावरून पट्ट्याकडं ढकलायची. पण खोड काही त्यांच्या मनासारखं बसेना. चार वेळा त्यांनी ते या कुशीवरून त्या कुशीवर लोटायला लावलं. दोन्ही गडी वैतागले. मग अचानक म्हणाले, "जावा, च्या पिऊन या दोघं."

हा माणूस एकट्यानं कधी पट्टा चालवत नाही.

मोटार सुरू झाली. लेक माझ्यासमोर बसून दहीभात खात होती. मी तिच्याकडं बघितलं, आणि तशीच अनवाणी पळत सुटले. ओरडले, पण त्या आवाजात कोण ऐकतंय! पट्टा लाकडात शिरला होता. मी भिंतीवरचा खटका खाली ओढला. चाकं थांबेपर्यंत तो सोडला नाही.

"डोस्कं फिरलं का तुझं?"

"त्यात खिळा हाय," मी म्हणाले. "माझा. पोरगी तापली हुती तवाचा."

मला वाटलं, आता हे मारतात. ते तर मटकन खाली भुशात बसले.

"कुठल्या अंगानं मारलास?"

"रस्त्याच्या."

त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "मी वढ्याच्या अंगानं मारलावता," म्हणाले. "तवाच. त्याच म्हातारीनं सांगितल्यालं. वढ्याचं अंग पट्ट्यापासनं लांब ऱ्हावं म्हणून तर सकाळधरनं खोड लोटतोय."

म्हणजे स्वतःचा खिळा चुकवायला त्यांनी माझा खिळा बरोबर पट्ट्याच्या वाटेवर आणून ठेवला होता. आणि काही झालंच तर गड्यांना लागू नये, म्हणून त्यांना चहाला पिटाळलं होतं. आम्ही छिन्नीनं खणलं. पट्टा थांबला होता तिथून वीतभर पुढं लाकूड काळंनिळं पडलेलं, आणि आत माझा खिळा.

लेक कमरेवर हात ठेवून हळूहळू दारात आली. "मोटार का बंद केली गं?"

"काय न्हाई," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

खोड अजून तसंच पडलंय. बाळंतपणाला पंधरा दिवस आहेत. एकानं सांगितलं असतं तर एक वेळ, इथं दोघांच्याही तोंडातून गेलं. आता विचारायला ती म्हातारीही राहिली नाही. लेक दुपारी जरा लवंडली की मी तिच्या कपाळाला हात लावून बघते. काल गेले, तर तिथं आधीच त्यांचा हात होता.

"गार हाय," ते म्हणाले. पण हात काही त्यांनी काढला नाही.