गोळीमागून तांब्याभर आंबील

“उठा गं, डिंभ्याच्या धरणाचं दार उघडलं! गुरं सोडा, पोरं उचला!”

चुलती अंगणात उभी राहून सगळ्या वाडीला ऐकवत होती. माझी गोधडी तिनं काठीच्या टोकावर धरली होती. त्या गोधडीतून गळालेल्या पाण्यावर खालच्या खाचरातला भात तरारला, हे मी आजही कुणाचीही शपथ घेऊन सांगतो.

वाडी हसली. आई नाही हसली. आमची शाळा चौथीलाच संपायची. पुढं शिकायचं तर जुन्नरचं वसतिगृह, आणि अंथरूण ओलं करणारं पोर तिथं ठेवत नाहीत, हे तिच्या कानावर आलं होतं. जूनच्या आत मला कोरडं करायचं होतं.

घोडेगावच्या डॉक्टरांनी झोपताना घ्यायच्या गोळ्या दिल्या. गोळी तुरीच्या दाण्याएवढी, पण तोंड असं सुकायचं की जीभ टाळ्यावरून सांडशीनं ओढून काढावी. आईनं निदान केलं, गोळी गरम पडतीय. आमच्याकडं डॉक्टरचं औषध म्हणजे गरमच, आणि त्यावर उतारा नाचणीची गार आंबील. गोळीमागून तांब्याभर आंबील ती समोर उभी राहून पाजायची. मग गोधडीचं काय घेऊन बसलात राव, कोपऱ्यातलं जातं तरंगायचं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, “गोळी कशाबरोबर देता?”

“आंबिलीबरुबर,” आई म्हणाली. “तांब्याभर देती. गरम पडू नाय म्हून.”

डॉक्टर आधी हसले, मग म्हणाले, “बाई, दिवेलागणीनंतर त्याला घोटभरच पाणी द्या. तरी लगेच गुण येईल असं नाही. काही पोरांना वेळच लागतो.”

आंबील बंद झाली. मी संध्याकाळपासून ओठ शिवल्यागत बसायचो. समुद्राचं तळं झालं, तळ्याचं डबकं झालं. डबकं मात्र हटेना. तेवढ्यात जून आला.

वसतिगृहाच्या रेक्टरांनी विचारलं, “पोराला काही आजार?”

माझा बाप बैलबाजारातसुद्धा कधी खोटं बोलला नव्हता. म्हणाला, “हातरुणात करतंय.”

रेक्टरांनी दाखला आमच्याकडं परत सरकवला.

परतीच्या एसटीनं आम्ही घरी आलो. आई उंबऱ्यातच उभी होती.

“मग? कवा घेत्याल त्याला?”

बापानं टोपी खुंटीला अडकवली.

“न्हाई घेत. उद्यापास्नं गुरामागं जाईल.”